न हलणाऱ्या देवाशी घासाघीस

ग्रीक विद्वानांनी पहिल्या ख्रिस्ती प्रवचनकारांना फसवलं, आणि त्या प्रवचनकारांनी अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या आमच्या पाद्रींना फसवलं. व्यवहार शेकडो वर्षांपूर्वीचा आहे, पण दाखवला एक माल आणि हातात दिला दुसरा, हे कितीही जुनं झालं तरी मला खपत नाही.

यातलं मला कळतं. माझी आई पुण्यात दारोदार फिरून जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी द्यायची. लोक तिला बोहारीण म्हणायचे. मी तिच्याबरोबर पायऱ्यांवर बसून वाढले. पँट उजेडात धरायची, गुडघ्यापाशी विरलेलं कापड बोटाने दाखवायचं, नाक मुरडायचं, पातेलं परत पाटीत ठेवायचं आणि तरीही उठायचं नाही, हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकले. पुढे रात्रशाळा, डिप्लोमा, नोकऱ्या असं करत मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपनीच्या खरेदी विभागात पोचले. तिथे सूट घातलेली माणसं माझ्यासमोर बसून घाम पुसायची. काम तेच होतं, फक्त पाटी नव्हती.

२००५ साली आमचं ग्रीन कार्ड आलं आणि माझ्यापुढे आईचा नवस उभा राहिला. मी अमेरिकेत आले तेव्हाच ती गणपतीला बोलली होती, मुलीचं तिकडे कायमचं झालं की तिच्या गावात तुला पाच दिवस बसवीन आणि येईल त्याला माझ्या हातचं जेवायला घालीन. आता तिने फोनवर सांगितलं की पुढच्या भाद्रपदात ती येतेय.

"दीड दिवसाचा बसवू ना, आई. इकडे सुट्टी नसते."

"मी पाच बोलले."

"त्याला सांग ना, अमेरिकेत जमत नाही म्हणून."

"त्याने कार्ड दीड दिवसाचं दिलंय का तुला?"

पाच दिवस ठरले. मी तिचीच मुलगी.

आमच्या अपार्टमेंटमध्ये उदबत्ती लावली तरी धुराचा अलार्म कोकलायचा, आणि येईल त्याला जेवायला घालायचं तर ती माणसं मावणार कुठे? गावातली मराठी मंडळी दर वर्षी एका चर्चचा तळघरातला हॉल घेऊन गणपती करायची. सकाळी आणायचा, संध्याकाळी विसर्जन, एकच शनिवार. बाहेरच्यांना हॉल एक दिवस, हा चर्चच्या हॉल कमिटीचा नियम होता. मला पाच दिवस हवे होते. नाही मिळाले तर सत्तरीची आई इतक्या लांब येऊन नवस न फेडता परत जाणार होती, आणि ती पुन्हा येईल याची खात्री नव्हती.

"आई, यू कान्ट बार्गेन विथ अ चर्च," माझी मुलगी म्हणाली.

मी पाद्रींना भेटायला गेले.

पाद्री उंच, वाकलेले, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ होते. स्वेटरच्या कोपरांना चामड्याची ठिगळं. त्यांनी चहा दिला, पाणचट. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की नियम कमिटीचा आहे, माझ्या हातात फक्त माझं मत. मी पाटी आवरणाऱ्या आईसारखी शांत बसून राहिले आणि खोली बघत राहिले. भिंतीवर हाताने लिहिलेला कागद होता. बुधवारची संध्याकाळची व्याख्यानं, विषय 'पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती प्रवचनांतला देव आणि ग्रीक विचार'.

"किती लोक येतात?" मी विचारलं.

"माझी बायको येते," ते म्हणाले. "आणि घरची वीज गेली असेल तर एक शेजारी."

कमिटीला ती वेळ काढून घेऊन तिथे योगाचा वर्ग सुरू करायचा होता. मी ठरवलं की या माणसाचं विरलेलं कापड मला सापडलं.

"मी खुर्च्या भरून देते," मी म्हटलं. "तुम्ही कमिटीत पाच दिवसांच्या बाजूने बोला."

ते बराच वेळ हसले. मग हात पुढे केला. "पण माणसांनी ऐकायला हवं. नुसती बसायला नकोत."

"मराठी माणसं आहेत," मी म्हटलं. "नुसती बसणारच नाहीत."

अशा रीतीने २००६ सालच्या ऐन थंडीत, बर्फ तुडवत, डझनभर मराठी माणसं दर बुधवारी चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्यांवर येऊन बसू लागली. पुण्याचा एक सॉफ्टवेअर टेस्टर, त्याची बायको, दोन-तीन काकू, आणि नागपूरचे एक केमिस्ट. त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. काका बौद्ध होते आणि आमच्या गणपतीला कधी येत नसत. पण व्याख्यान म्हटल्यावर पहिल्या रांगेत. "देवाबद्दल कोणी पुराव्यासकट बोलणार असेल तर मी ऐकतो," ते म्हणाले, "गणपतीशी माझं काही देणंघेणं नाही." पाद्रींची बायको मागच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसायची. गोलमटोल, गालाला खळी, आणि हसली की सुया खाली पडायच्या.

पाद्री इंग्रजीत बोलायचे, सावकाश, आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. त्यांच्या जुन्या धर्मग्रंथातला देव हा जिताजागता देव आहे. संध्याकाळच्या वाऱ्यात बागेत फिरतो. चिडतो. माणूस घडवला याचा पश्चात्ताप करतो. आणि एकदा तर तो एक पापी शहर जाळायला निघालेला असताना एक म्हातारा मेंढपाळ त्याला वाटेत अडवतो आणि भाव करतो. पन्नास भली माणसं सापडली तर सोडशील? सोडीन. पंचेचाळीस? चाळीस? असं करत करत तो म्हातारा देवाला दहावर आणतो.

मी खुर्चीत सावरून बसले. इतकी सुंदर घासाघीस मी कुठल्याही धर्मात ऐकली नव्हती. दर वेळी आधी पाया पडायचं, रागावू नकोस म्हणायचं, आणि मग खालचा आकडा. माझ्या आईची पद्धत.

"पुढे?" मी विचारलं.

पुढे ग्रीक आले. पहिल्या शतकांतले प्रवचनकार बंदरांच्या मोठ्या शहरांत उभे राहून बोलायचे. समोर शिकलेले ग्रीक बसायचे. चौकाचौकांत फिरत्या तत्त्ववेत्त्यांची भाषणं ऐकून त्यांचे कान तयार झालेले. ते विचारायचे, तुमचा देव चिडतो? मत बदलतो? मग तो देव कसला? ग्रीकांचं म्हणणं असं, की जे परिपूर्ण आहे ते बदलूच शकत नाही. बदललं तर एक तर ते आधी कमी होतं, नाही तर आता कमी झालं. म्हणून खरा देव हलत नाही, चिडत नाही, त्याला काही लागत नाही, वाटत नाही. तो स्वतः जागचा न हलता सगळ्या जगाला हलवतो.

"आणि प्रवचनकारांनी काय केलं?" टेस्टरने विचारलं.

"त्यांना लाज वाटली," पाद्री म्हणाले. "त्यांनी ग्रीकांचंच हत्यार उचललं. ग्रीकांनी स्वतःच्या देवांच्या भानगडींवर आधीच पांघरूण घातलं होतं, या गोष्टी म्हणजे रूपकं आहेत असं म्हणून. प्रवचनकार म्हणाले, आमचा देवही खरा चिडत नाही. आई तान्ह्या बाळाशी बोबडं बोलते, तसा तो ग्रंथ आपल्याशी बोबडं बोलतो."

"म्हणजे तो म्हातारा?"

"देवाने आधीच ठरवलेलं होतं. म्हाताऱ्याला वाटलं की आपण भाव केला."

मी उठून उभी राहिले. मला राग आला की मी उठते, हा माझा जुना दोष आहे. "म्हणजे दुकानदाराने किंमत पाटीवर लिहून ठेवलीय, आणि त्या म्हाताऱ्याला तासभर उन्हात उभं करून बोलू दिलं?"

"तसं म्हणता येईल."

"मग तो देव उद्धट आहे."

मागे सुया खाली पडल्या.

टेस्टरच्या बायकोने माझी ओढणी ओढली. "यार ताई, बस ना. आपल्याकडे पण निर्गुण ब्रह्म आहेच की. सेम थिंग."

"आहे. पण त्याला कोणी मोदक करत नाही," मी म्हटलं. "आपल्या लोकांनी दोन्ही ठेवले. एक पोथीत, एक देव्हाऱ्यात. यांनी पोथीतला आणून देव्हाऱ्यात बसवला आणि देव्हाऱ्यातल्याला म्हटलं, तू बोबडा."

पाद्रींनी ते वाक्य दोनदा भाषांतर करून मागितलं.

त्यानंतर दर बुधवारी आमचं वाजायला लागलं. पाद्री फार खूश असायचे. त्यांच्या आयुष्यात त्यांच्यावर या विषयावरून कोणी ओरडलं नव्हतं. क्रुसावरच्या मरणाचा त्यांनी दोन बुधवार कीस पाडला. देवाला काही दुखत नाही, मग क्रुसावर कोण विव्हळलं? प्रवचनकार म्हणाले, त्याच्यातला माणूस विव्हळला, त्याच्यातला देव नाही. मी म्हटलं की आमच्या कंपनीत एखादा पुरवठादार असं बोलला, दुखलं ते आमच्या दुसऱ्या शाखेला, तर मी त्याला दाराबाहेर काढीन. काकू वाटाघाटींत पडायच्या नाहीत, पण डब्यातून चिवडा आणायच्या. पाद्री वादाच्या भरात चिवडा खायचे आणि मग पाणी शोधत फिरायचे.

एका बुधवारी मात्र मीच अडकले. पाद्री म्हणाले, "न हलणाऱ्या देवाची एक बाजू तुम्ही बघत नाही. तो विकत घेता येत नाही. श्रीमंताने मोठा बळी दिला म्हणून तो त्याच्याकडे झुकत नाही. गरीब ऐकणाऱ्यांना त्यात केवढा दिलासा होता."

काका पहिल्या रांगेतून वळले आणि मराठीत माझ्याशी बोलले. "हे बरोबर बोलतायत ते, बाई. नवसाला पावणारा देव पावतो कोणाला? ज्याला देवळात शिरू देतात त्याला. माझे आजोबा ज्या गावात होते तिथे त्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहता येत नव्हतं. ते भाव कुठून करणार? त्यांच्यापेक्षा न हलणारा बरा. निदान कोणाच्याच बाजूने नाही."

मी खाली बसले. आईलाही लोक दारातच बसवायचे, घरात कोणी घेतलं नव्हतं. आठवडाभर विचार केला आणि पुढच्या बुधवारी काकांना म्हटलं, "काका, तुमचं खरं आहे. पण दार अडवलं ते पुजाऱ्याने. त्याचा राग देवाला मुका करून काढायचा?"

"मी त्याला मुका नाही केला," काका म्हणाले. "मी त्याला रजा दिली." आणि इतके हसले की पाद्रींना वाटलं काहीतरी निकाल लागला.

मेमध्ये व्याख्यानं संपली. योगाचा वर्ग रद्द झाला, म्हणजे माझा भाग पुरा झाला. कमिटीचं मतदान ऑगस्टच्या एका रविवारी, प्रार्थनेनंतर ठेवलं होतं. कमिटीची अध्यक्ष एक ग्रीक वंशाची बाई होती. नवऱ्याबरोबर जन्मभर पिझ्झाचं दुकान चालवलेली, लग्नामुळे या चर्चमध्ये आलेली. पांढरे आखूड केस, दंड पैलवानाचे. तिने मला आधीच सांगून टाकलं होतं, "एक दिवस म्हणजे एक दिवस. ठरलेलं बदलत नसतं." मी मनात म्हटलं, अस्सल ग्रीक.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात आई आली. विमानतळावर तिने पहिला प्रश्न विचारला तो पाच दिवसांचा. अजून ठरायचंय म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. घरी पोचल्या पोचल्या तिने बटव्यातून अंगठ्याएवढा पितळी गणपती काढला आणि पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवला. काम होईपर्यंत देव पाण्यात. आमच्याकडची जुनी तऱ्हा. तोही गुदमरू दे, म्हणजे आपली आठवण राहील.

शनिवारी मी पाद्रींशी उद्याचं बोलायला चर्चमध्ये गेले. आईला एकटी कशी ठेवणार, तिलाही नेलं. मी ऑफिसात बोलत होते तेव्हा ती वर देवघर बघायला गेली. परत आली तेव्हा चेहरा शांत होता. मला वाटलं, जागा आवडली असेल.

रविवारी सकाळी आम्ही मराठी मंडळी मतदानासाठी म्हणून मागच्या बाकांवर बसलो होतो. त्या दिवशी एका बाळाचा बाप्तिस्मा होता. पुढे कोरीव दगडी कुंड, भोवती पांढरी फुलं, आत स्वच्छ पाणी. अध्यक्षबाई पाणी नीट आहे का बघायला वाकल्या, बाही वर केली, हात आत घातला, आणि ओलाचिंब पितळी गणपती काढून उजेडात धरला.

मी आईकडे बघितलं. आई अध्यक्षबाईंकडे रागाने बघत होती.

"तिला सांग, परत ठेव म्हणून," आई म्हणाली. "काम व्हायचंय अजून."

"आई, तो आपल्या वाटीत होता ना?"

"घरचं काम असतं तर घरच्या वाटीत ठेवला असता. काम इथल्या लोकांकडे आहे. पाणी पण इथलंच पाहिजे. एवढं देवाच्या घरात दगडी भांडं भरून ठेवलंय, फुलं लावलीत, दुसरं कशाला असणार ते?"

काका तोंडावर रुमाल धरून बाकाखाली वाकले. टेस्टर पुटपुटला, "गेला हॉल. आता एक दिवस पण कॅन्सल."

मलाही तसंच वाटलं. मी पुढे गेले. सगळं चर्च वळून बघत होतं. जे होतं ते सांगितलं, की ही माझी आई, तिला हे कुंड कशासाठी आहे हे माहीत नव्हतं, आणि आमच्यात मागणं पुरं होईपर्यंत देवाला पाण्यात ठेवतात. पाद्रींच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. अध्यक्षबाईंनी गणपती तळहातावर घेतला, उलटा करून बघितला.

"म्हणजे तुम्ही त्याला शिक्षा करता?" त्यांनी विचारलं.

"शिक्षा नाही. अडवून धरतो."

"माझी आजी," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मग आवाज चढवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्या आजीची ग्रीसमधल्या बेटावर शेळी हरवली, की ती संताची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवायची. शेळी येईपर्यंत सरळ करायची नाही. मी लहान होते, मला वाटायचं की सगळ्या घरांत असंच करतात."

"शेळी यायची का?" मी विचारलं.

"तिला यावंच लागायचं. संत कंटाळायचा."

मी हे आईला मराठीत सांगितलं. आईने पहिल्यांदा त्या बाईकडे नीट बघितलं, आणि मान हलवली. एका पेशातली बाई त्याच पेशातल्या दुसरीला देते तशी.

कुंडातलं पाणी बदललं, बाळाचा बाप्तिस्मा झाला, बाळाने सगळ्यांवर सूड घ्यावा तसं भोकाड पसरलं. मग खाली हॉलमध्ये कमिटी बसली. अध्यक्षबाईंनी स्वयंपाकघरातून काचेचा वाडगा आणला, त्यात पाणी घातलं, गणपती बुडवला आणि वाडगा टेबलावर मधोमध ठेवला. "काम व्हायचंय ना अजून," त्या म्हणाल्या.

पाद्री ठरल्याप्रमाणे बोलले. छान बोलले, पण लांबलं. अध्यक्षबाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि माझ्याकडे वळल्या. "एक."

"पाच."

"ठरलेलं बदलत नसतं."

"तुमच्या ग्रंथात एका मेंढपाळाने तुमच्या देवाला पन्नासावरून दहावर आणलं. तुम्ही कमिटी आहात. तुम्ही देवापेक्षा कडक?"

टेबलाभोवती कोणीतरी खोकलं. अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, आणि मला कळलं की ही बाई इतकी वर्षं कोणीतरी भाव करायची वाट बघत होती. "दोन," त्या म्हणाल्या. "आणि स्वयंपाकघर तुम्ही घासायचं."

"पाच. घासूच, पण चुलीसुद्धा आम्ही घासू. कोणी घासत नाही, मी बघून आलेय."

"तीन. ढोल अंधार पडायच्या आत बंद. पार्किंगमधली पानं ऑक्टोबरभर तुमची."

मी वाडग्याकडे बोट दाखवलं. "तीन दिवसांत तो बाहेर येत नाही."

त्यांनी खुर्ची मागे सारली, जायला निघाल्यासारखं केलं. मी उठले नाही. त्या दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. शेवटी पाच मिळाले. त्याबदल्यात आम्ही पानं, चुली, घडीच्या खुर्च्यांची रंगरंगोटी, आणि चर्चच्या जत्रेत एक आख्खा खाद्यपदार्थांचा स्टॉल कबूल करून बसलो होतो. मंडळी बाहेर आल्यावर माझ्यावर चिडली. मी मात्र तरंगत होते. या देशात इतकी वर्षं काढली, पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी मनापासून भाव केला होता.

जिन्यात मी अध्यक्षबाईंना म्हटलं, "तुमच्याच लोकांनी देव हलेनासा केला, माहीत आहे?"

"ते विद्वान असतील," त्या म्हणाल्या. "त्यांना शेळ्या नव्हत्या."

ते पाच दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. आई सकाळपासून हॉलच्या स्वयंपाकघरात. उकड मळायची, कोणाच्याही हातात पारी द्यायची, फाटली की न रागावता परत द्यायची. ऑफिसं सुटली की गाड्या भरभरून माणसं यायची. ओळखीची, अनोळखी, चर्चमधली. अध्यक्षबाई आपला झारा घरून घेऊन आल्या आणि भजी तळायला उभ्या राहिल्या. आई मराठीत सूचना द्यायची, त्या ग्रीकमध्ये उलट बोलायच्या, आणि भजी उत्तम व्हायची. काका आरतीच्या वेळी बाहेर फेऱ्या मारायचे आणि जेवणाच्या वेळी बरोबर आत यायचे.

चौथ्या दिवशी दुपारी पाद्री स्वयंपाकघरात आले. आई नारळ खोवत होती. ते बराच वेळ बघत उभे राहिले, मग मला म्हणाले, "तुमच्या आईला विचारा, नवस उशिरा फेडला तर चालतो का?"

"कोणाचा?" आईने लगेच विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको मरायला टेकली होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. पाद्री हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून देवाला म्हणाले, ही घरी आली तर आमच्या आख्ख्या गल्लीला मी स्वतःच्या हाताने जेवायला घालीन. ती घरी आली.

"मग?" मी म्हटलं.

"मग मला लाज वाटली. जन्मभर मी शिकवलं की त्याला हलवता येत नाही. मग मी गाडीत बसून कोणाशी सौदा करत होतो? मी ठरवलं की ती घाबरलेल्या माणसाची बडबड होती."

"तिच्यासाठी आभार तरी मानलेत?"

"सर्वसाधारण मानतो. सगळ्या गोष्टींबद्दल, रोज. तिचं नाव घेऊन कधी मानले नाहीत. नाव घेतलं की मी मागितलं आणि त्याने दिलं असं होतं. मी ज्या देवाबद्दल बोलतो त्याच्या बाबतीत तसं होत नाही."

मी हे आईला सांगितलं. खोवणीवरचा तिचा हात थांबला. राग आला की ती आवाज खाली आणते. "सहा वर्षं?" ती म्हणाली. "बाई समोर जिवंत फिरतेय, आणि हा गप्प? त्याला म्हणावं, उद्या गल्ली बोलाव."

"उद्या तुमच्या नवसाचं शेवटचं जेवण आहे," पाद्री म्हणाले.

"देव एकच आलाय, एकाच जेवणात दोन फिटतील. मी त्याला सांगते. पण वाढणार हा. हाताने म्हणाला होता ना."

पाचव्या दिवशी पाद्रींच्या गल्लीतली सगळी घरं आली. आम्ही हॉलमध्ये जमिनीवर पंगत मांडली. ज्यांना बसता येत नव्हतं त्यांना नव्या रंगाच्या खुर्च्या. पाद्री गळ्यात पांढरी पट्टी, कमरेला टॉवेल, हातात वरणाची बादली घेऊन निघाले. वाढायची पद्धत त्यांना आईने शिकवली होती. घाई करायची नाही, पानाकडे बघायचं, नको म्हणाला तरी अर्धा डाव घालायचा. पहिल्या रांगेत त्यांनी निम्म्या लोकांच्या मांडीवर वरण सांडलं. दुसऱ्या रांगेपासून हात बसला. शेजारची माणसं टाळ्या वाजवत होती. काकांनी तिसऱ्यांदा वरण मागितलं, केवळ त्यांना वाकवायला.

बायकोच्या पानापाशी ते आले आणि थांबले. तिने हसत विचारलं, "हे काय चाललंय तुझं?"

ते बादली खाली ठेवून तिच्यासमोर जमिनीवर बसले, आणि तिला सांगितलं. पार्किंग, गाडी, जेवण, सगळं. मी शेजारच्याच पानावर तूप वाढत होते, मला ऐकू आलं. ती आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. मग तिने त्यांच्या गालाला लागलेलं वरण पुसलं आणि म्हणाली, "मला सहा वर्षं वाटत होतं की माझ्यासाठी तू काही मागितलंच नसशील. तुझा देव तसा म्हणून."

आईने लांबून खूण केली, माणसं थांबलीत, वाढ. ते उठले आणि वाढत गेले, पुढच्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि प्रत्येक पानावर बायकोचं नाव घेऊन आभार मानत गेले. ज्यांना कळलं नाही त्यांनी "यू आर वेलकम" म्हटलं.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. फ्लोरिडाला गेले. आईचा नवस फिटला, त्यांचाही फिटला, हॉल अजून पाच दिवस मिळतो. माझं भांडण मात्र मिटलेलं नाही, आणि ते पाद्रींशी नाही. ज्यांनी शहाण्या श्रोत्यांपुढे लाज वाटून देवाचे कान काढून ठेवले त्यांच्याशी आहे. ते प्रवचनकार आता नाहीत. पण त्यांच्या व्यासपीठावर उभं राहून तीच प्रवचनं देणारे आहेत, दर रविवारी, गावोगाव. त्यांच्यापैकी एकाने त्या बाईसमोर जमिनीवर बसावं, तिच्या डोळ्यांत बघावं आणि सांगावं की त्या पार्किंगमध्ये तिच्या नवऱ्याचं कोणी ऐकलं. कोणीच ऐकलं नाही असं म्हणायचं असेल, तर तेही तिच्या तोंडावर म्हणावं. आणि नंतर तिला सांगावं की ती सहा वर्षं कोणाच्या नावावर टाकायची.